कोपऱ्यातलं माणूस

कुणी शेतावरून आत्ताच परतली असेल, कुणी शिलाई मशीनवर बसून ऐकत असेल, कुणी संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मळत असेल.

गेल्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विषय काढला. त्यांची मुलगी आठवीत आहे. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तालुक्याच्या बॉक्सिंग वर्गासाठी तिचं नाव सुचवलंय. पोरगी हटून बसलीय आणि घरात रोज वाद. ताई म्हणाल्या, "मॅडम, कबड्डी असती तर मी काही बोलले नसते. पण ठोसे मारायचे आणि ठोसे खायचे, हा काय खेळ झाला? बाईच्या जातीला मार खायची वेगळी शिकवणी लावायची काय गरज आहे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मेरी कोमचं नाव घेतलं, पण त्यापुढे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बॉक्सिंगमधलं मला काडीचं कळत नव्हतं. मग मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता इटलीच्या एका मुष्टियोद्ध्यापाशी येऊन थांबले. त्याचं नाव निनो बेनवेनुती. आज त्याची गोष्ट सांगते. शेवटी ताईंच्या प्रश्नावरही येते.

निनोचा जन्म २६ एप्रिल १९३८ चा. गाव समुद्रकाठचं, इसोला. ते इस्त्रिया नावाच्या भागात येतं. तेव्हा तो भाग इटलीत होता. दुसरं महायुद्ध संपलं, सीमा बदलल्या आणि तो भाग युगोस्लाव्हियाकडे गेला. आज निनोचं गाव स्लोव्हेनिया या देशात आहे. त्या बदलात तिथल्या लाखो इटालियन लोकांनी घरदार सोडलं. आपल्याकडे फाळणीत झालं, तसंच काहीसं. निनोचं कुटुंबही जवळच्या त्रिएस्ते शहरात आलं. गाव सुटलेली पोरं एक तर गप्प होतात, नाही तर हट्टी होतात. निनो हट्टी झाला, आणि तो सगळा हट्ट त्याने बॉक्सिंगमध्ये ओतला.

पुढे जाण्याआधी हा खेळ कसा असतो ते सांगते, कारण मलाही ते आधी माहीत नव्हतं. त्या जागेला रिंग म्हणतात, पण ती गोल नसते, चौकोनी असते. चारही बाजूंनी दोर बांधलेले. दोघे खेळाडू एकाच वजनगटातले असावे लागतात. साठ किलोच्या माणसासमोर नव्वद किलोचा उभा करत नाहीत. हातात जाड मोजे. कमरेखाली मारायचं नाही, डोक्याच्या मागे मारायचं नाही, खाली पडलेल्याला मारायचं नाही. खेळाडू पडला की पंच दहापर्यंत आकडे मोजतो. तेवढ्यात तो उठला तर खेळ पुढे, नाही उठला तर संपला. तीन मिनिटांची एक फेरी. घंटा वाजली की हात खाली. मग एक मिनिट विश्रांती.

त्या एका मिनिटात खेळाडू आपल्या कोपऱ्यात जातो. तिथे त्याची माणसं असतात. स्टूल देतात, पाणी देतात, रक्त पुसतात, कानात चार शब्द सांगतात. त्यांच्या खांद्यावर एक टॉवेल असतो. आपल्या खेळाडूला आता सोसवत नाही असं दिसलं, की ते तो टॉवेल रिंगमध्ये टाकतात. त्याचा अर्थ असा, की आमचा माणूस हरला असं समजा, पण आता थांबवा. हा टॉवेल लक्षात ठेवा.

आता निनोकडे येऊ. १९६० साली रोममध्ये ऑलिंपिक झालं. आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर बावीस वर्षांच्या निनोने सुवर्णपदक जिंकलं. त्याच स्पर्धेत वरच्या वजनगटात अमेरिकेच्या एका अठरा वर्षांच्या पोरानेही सुवर्ण जिंकलं. त्याचं नाव कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली. पण स्पर्धेतला सर्वांत शैलीदार बॉक्सर म्हणून जो करंडक देतात, तो अलीला नाही, निनोला मिळाला.

पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. १९६५ मध्ये मिलान शहरात आपल्याच देशाच्या सांद्रो मात्झिंगीला हरवून तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. सगळे त्याला अजिंक्य म्हणू लागले. आणि मग १९६६ मध्ये तो दक्षिण कोरियाला, सोलला गेला आणि हरला. हरला तो की-सू किम या खेळाडूकडून, ज्याला त्याने रोमच्या ऑलिंपिकमध्ये हरवलं होतं. सहा वर्षं त्या माणसाने वाट पाहिली आणि आपल्या देशात हिशेब चुकता केला. व्यावसायिक झाल्यापासून निनोची ही पहिलीच हार.

मैत्रिणींनो, पहिली हार फार वाईट असते. आपला पापडांचा पहिला मोठा माल परत येतो, तेव्हा काय वाटतं ते आठवा. निनोने काय केलं? तो आणखी वरच्या वजनगटात गेला आणि थेट अमेरिकेला, न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या जगज्जेत्यासमोर उभा राहिला. त्या जगज्जेत्याचं नाव एमिल ग्रिफिथ.

तारीख १७ एप्रिल १९६७. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रात्र होती, तेव्हा इटलीत पहाट व्हायची होती. इटलीच्या टीव्हीने सामना थेट दाखवला नाही. लोक रात्रभर जागतील आणि सकाळी कामावर जाणार नाहीत अशी भीती होती म्हणतात. पण रेडिओ होता! इटलीतली घरंच्या घरं अंधारात रेडिओभोवती बसली. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकांनी तो सामना ऐकला असं सांगतात. टीव्ही असूनही अख्खा देश एका रेडिओच्या आवाजावर जागा राहिला, हे आपल्या रेडिओवरून सांगताना मला फार बरं वाटतंय.

दुसऱ्या फेरीत निनोने ग्रिफिथला पाडलं. चौथ्या फेरीत ग्रिफिथने निनोला पाडलं. तो उठला. पंधरा फेऱ्या झाल्या आणि गुणांवर निनो जिंकला. सहा महिन्यांच्या आत, सप्टेंबरमध्ये, ग्रिफिथने किताब परत घेतला. मार्च १९६८ मध्ये तिसऱ्यांदा लढले आणि निनोने तो पुन्हा जिंकला. एका वर्षाच्या आत तीन सामने, पंचेचाळीस फेऱ्या. हिशेब मांडला तर त्या दोघांनी एकमेकांना सव्वादोन तास ठोसे मारले.

आणि नंतर काय झालं? नंतर ते दोघे जन्माचे मित्र झाले. ग्रिफिथ निनोच्या मुलाचा धर्मपिता झाला. हे वाचून मी थांबलेच. ज्याला मारलं, त्याच्याशीच सोयरीक कशी जुळते? याचं उत्तर कळायला ग्रिफिथची आधीची गोष्ट ऐकावी लागते.

ग्रिफिथ मूळचा कॅरिबियन बेटांवरचा. न्यूयॉर्कमध्ये टोप्यांच्या कारखान्यात काम करायचा. मार्च १९६२ मध्ये त्याचा सामना क्युबाच्या बेनी पॅरेटशी झाला. वजन करायच्या वेळी पॅरेटने त्याच्या पुरुषपणावरून त्याला हिणवलं. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात, दोरांमध्ये अडकला. त्याचे हात खाली आले, मान कलली. तो पडतही नव्हता, कारण दोरांनी धरून ठेवला होता. ग्रिफिथचे ठोसे चालूच राहिले. पंच मध्ये पडला, पण उशिरा. कोपऱ्यातून कुणी टॉवेल टाकला नाही. टीव्हीवर घरोघरी लोक पाहत होते. पॅरेट बेशुद्ध झाला तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. दहा दिवसांनी गेला. वय पंचवीस.

ग्रिफिथला ते मरण आयुष्यभर पुरलं. त्याला वर्षानुवर्षं वाईट स्वप्नं पडायची. नियम होते, पंच होता, मोजे होते, हजारो प्रेक्षक होते. पण ज्या क्षणी थांबवायला हवं होतं, त्या क्षणी थांबवणारं कुणी नव्हतं. असा माणूस निनोला भेटला. दोघांनाही आपापल्या हातांची ताकद माहीत होती. मला वाटतं, म्हणूनच घंटा वाजल्यावर हात खाली घेणाऱ्या माणसाची किंमत त्यांना कळली.

निनो पुढे अडीच वर्षं जगज्जेता राहिला. १९७० च्या मे महिन्यात त्याने एक सामना उमाग गावी खेळला. हे गाव इस्त्रियात आहे, त्याच्या जन्मगावापासून फार लांब नाही. ज्या मातीतून कुटुंबासह निघावं लागलं, तिथे तो जगज्जेता होऊन परत आला. आठव्या फेरीत जिंकला.

मग आला अर्जेंटिनाचा कार्लोस मोन्झोन. नोव्हेंबर १९७० मध्ये रोममध्ये निनोच्या समोर उभा राहिला. उंच, लांब हातांचा, थंड नजरेचा. बाराव्या फेरीत त्याने निनोला असा पाडला की तो सावरू शकला नाही. किताब गेला. निनो म्हणाला, पुन्हा लढतो. मे १९७१ मध्ये मोंटे कार्लोला दुसरा सामना झाला. निनो दुसऱ्या फेरीत पडला, तिसऱ्यात पुन्हा पडला. तो उठला. त्याला लढायचं होतं. आणि त्याच्या कोपऱ्यातून पांढरा टॉवेल रिंगमध्ये आला.

निनोला इतका राग आला की त्याने तो टॉवेल लाथेने बाहेर ढकलला. पण टॉवेल पडला म्हणजे पडला. पंचाने सामना थांबवला. निनो पुन्हा कधी लढला नाही. नव्वद सामने, ब्याऐंशी विजय, सात पराभव, एक बरोबरी. हा त्याचा सगळा हिशेब.

त्या दिवशी त्याला आपल्याच माणसांचा राग आला. पण मैत्रिणींनो, तो माणूस सत्त्याऐंशी वर्षं जगला. मे २०२५ मध्ये गेला. शेवटपर्यंत बोलत होता, जुन्या आठवणी सांगत होता. मधल्या काळात त्याने सिनेमात काम केलं, खेळांवर बोलला. एकदा सगळं सोडून आपल्या देशात, कोलकात्याला आला आणि मदर तेरेसांच्या आश्रमात मरणाच्या दारातल्या माणसांची सेवा केली. ग्रिफिथच्या नशिबी मात्र ते नव्हतं. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या मारामुळे म्हातारपणी त्याची स्मृती गेली. पैसाही उरला नव्हता. तेव्हा निनोने त्याला मदत केली, त्याच्यासाठी पैसे उभे केले. २०१३ मध्ये ग्रिफिथ गेला.

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण अजून एक भाग आहे आणि तो मी गाळणार नाही.

ज्याने निनोला दोनदा हरवलं तो कार्लोस मोन्झोन सात वर्षं जगज्जेता राहिला. किताब असतानाच निवृत्त झाला. देशभर त्याचं नाव होतं. १९८८ च्या फेब्रुवारीत, मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात, त्याच्या मुलाची आई अलिसिया मुनीझ मेली. ती गॅलरीतून पडली असं तो सांगत होता. तपासणीत दिसलं, की आधी तिचा गळा आवळला होता. न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरलं आणि अकरा वर्षांची शिक्षा दिली. तुरुंगातून सुट्टीवर आलेला असताना १९९५ च्या जानेवारीत मोटार अपघातात तो गेला.

निनो त्याला तुरुंगात भेटायला गेला होता. आणि मोन्झोन गेल्यावर त्याच्या शवपेटीला निनोने खांदा दिला.

हे वाचून मला कसंतरी झालं. मित्राला वाऱ्यावर सोडू नये, हे मला कळतं. पण त्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी झाली, लोक रडले, आणि अलिसियाचं नाव त्या गर्दीत कुणाच्या तोंडी होतं? निनो मला आवडला. पण त्याचं हे वागणं मला अजून पचत नाही. आवडत्या माणसाचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही, नाही का?

आता रिंग आणि ते घर शेजारी शेजारी ठेवून पाहा. रिंगमध्ये समोरचा आपल्याच वजनाचा असतो. घरात? रिंगमध्ये तीन मिनिटांनी घंटा वाजते. घरात घंटा कोण वाजवणार? रिंगमध्ये पडलेल्याला मारत नाहीत. रिंगमध्ये दोघेही आपल्या मर्जीने उतरलेले असतात, आणि कोपऱ्यात आपलं माणूस टॉवेल घेऊन उभं असतं. अलिसियाच्या कोपऱ्यात त्या रात्री कुणी नव्हतं.

मला आता माझी एक गोष्ट सांगायची आहे. नाव, गाव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका गटाच्या बैठकीला एक ताई आल्या. डोळा सुजलेला, काळानिळा. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, न्हाणीघरात पाय घसरला. पाय घसरून डोळ्याला एवढंच लागत नाही, हे मला कळत होतं. बसलेल्या बाराही जणींना कळत होतं. मी वही उघडली, त्यांचा हप्ता लिहून घेतला, सही घेतली आणि पुढचं नाव पुकारलं. पुढच्या महिन्यात हात गळ्यात बांधून आल्या. तेव्हाही हप्ता वेळेवर होता. तेव्हाही मी सही घेतली. मग त्या यायच्या बंद झाल्या. माहेरी गेल्या असं कळलं. जिवंत आहेत, बऱ्या आहेत. पण त्या आपल्या पायांनी गेल्या, मी काही केलं म्हणून नाही.

आपण गटाला काय म्हणतो? सुखदुःखाच्या मैत्रिणी. म्हणजे आपण त्या ताईंचा कोपराच होतो. टॉवेल माझ्या खांद्यावर होता आणि मी वहीत आकडे लिहीत बसले. घरातली गोष्ट, आपण कशाला बोलायचं, असं मनात होतं. त्यांना राग आला तर? गट फुटला तर? निनोलाही राग आलाच होता. त्याने टॉवेल लाथाडला. तरी तो टाकणाऱ्यांनी बरोबरच केलं होतं.

म्हणून आता आम्ही गटात एक ठरवलंय. अशी खूण दिसली की बैठकीत चारचौघींत विचारायचं नाही. बैठक संपल्यावर दोघींनी सोबत घरापर्यंत चालत जायचं आणि एकच सांगायचं: तू काही बोलू नकोस हवं तर, पण आम्हाला दिसलंय, आणि रात्री-अपरात्री आमचं दार उघडं आहे. मग ती सांगेल तेव्हा पुढचं. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. जीवाला धोका असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि त्यासाठी सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्याकडे तक्रार करता येते. कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. हे आकडे आणि हे शब्द गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता त्या ताईंचा प्रश्न. मुलीला बॉक्सिंगला पाठवायचं का?

ताई, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. डोक्यावरचा मार वाईटच. ग्रिफिथचं म्हातारपण मी आत्ताच सांगितलं. पण ते व्यावसायिक लोक, पंधरा पंधरा फेऱ्या, उघड्या डोक्याने लढणारे. मुलींच्या हौशी स्पर्धा वेगळ्या असतात. डोक्याला संरक्षक टोप असतो आणि फेऱ्या मोजक्याच असतात. तरी वर्ग लावण्याआधी तुम्ही स्वतः तालुक्याला जा. सरांना विचारा: सरावाला टोप घालायला लावता का? समोर तिच्याच वजनाची मुलगी असते का? लागलं तर डॉक्टर कुठे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, खेळ कधी थांबवता? या शेवटच्या प्रश्नाला जे शिक्षक नीट उत्तर देतील, त्यांच्याकडे पोरीला खुशाल पाठवा. जे हसण्यावारी नेतील, त्यांच्याकडे नको.

तुम्ही म्हणालात, बाईच्या जातीला मार खायची शिकवणी कशाला. पण मला आता वाटतं, तिथे ती वेगळंच काही शिकेल. ठोशालाही नियम असतो हे शिकेल. घंटेनंतर हात उचलणारा माणूस खेळाडू नसतो, गुन्हेगार असतो, हे शिकेल. उद्या कुणी चार भिंतींच्या आत तिच्यावर हात उगारला, तर "असं असतंच" असं तिला वाटणार नाही, कारण कसं असायला हवं ते तिने पाहिलेलं असेल.

आणि ती पहिल्या सामन्याला उतरेल तेव्हा तिच्या कोपऱ्याच्या मागे, पहिल्या रांगेत तुम्ही बसा. पदर खोचून. मीही येईन. टॉवेल मी घेऊन येते.